सूर्याचे कण मोजण्याबाबत काही सूचना

१ जानेवारी
जळगावच्या घरी रोजनिशी सुरू. कारखान्यातून रिटायर झाल्यापासूनचा काळ नुसताच गेला. हे वर्ष तसं जाणार नाही. संकल्प तीनच. रोज पहाटे मेहरूण तलावापर्यंत फिरणे, चहा दिवसातून दोनदाच, आणि मयुरीच्या कामात लक्ष घालणे. तिसरा सर्वांत महत्त्वाचा.

मयुरी आमची एकुलती एक. अहमदाबादला एका संशोधन संस्थेत आहे. उपग्रहावर बसवायचं एक यंत्र करतात. सूर्याकडून जे बारीक कण सुटून येतात ते मोजणारा डिटेक्टर. आज फोनवर तिने समजावून सांगितलं. कण थोडे असले तर डिटेक्टर बिनचूक मोजतो. सूर्यावर वादळ झालं आणि कणांचा लोंढा आला की बिघडतं. एक कण मोजला की त्याला सावरायला क्षणभर लागतो, तेवढ्यात आलेले निसटतात. फारच लोंढा आला तर उलट कमी आकडा दाखवतो. ते सुधारायचं आहे आणि अजून जमत नाही.

मी म्हणालो, बेटा, हा तर आमचाच विषय. सत्तावीस वर्षं ठिबकच्या नळ्या तपासल्या. प्रवाह म्हणजे प्रवाह, मग तो पाण्याचा असो की सूर्याचा. ती हसली. सुटका झाल्यासारखी हसली असं वाटलं.

२ जानेवारी
थंडी. फिरणं उद्यापासून.

९ जानेवारी
यशोदाचं पोट दुखतं. पाठीतून कळ येते म्हणाली. पित्त. थंडीत आपल्याकडे भरीत फार होतं, त्याचं तेल बाधतं. तिला भरीत बंद केलं. तिच्या वाटचं उरलेलं मी संपवलं, वाया कशाला घालवायचं.

मयुरीला यातलं अक्षर सांगायचं नाही असं बजावलं. तिकडे टेस्टचे दिवस आहेत, तिचं डोकं शांत राहायला हवं. यशोदा म्हणाली, "बरं." कधी नव्हे ते एका शब्दात ऐकलं.

१६ जानेवारी
सूचना क्रमांक एक तयार. ठिबकला जसा फिल्टर, तसा डिटेक्टरच्या तोंडावर बारीक भोकांचा पत्रा बसवायचा. लोंढा आपोआप कमी.

मयुरीला फोन केला. म्हणाली, नाना, असा पत्रा बसवतात, पण मग सूर्य शांत असताना आत काहीच येत नाही, मोजायला उरत नाही. म्हणजे दिशा बरोबर आहे.

२० जानेवारी
यशोदाचे डोळे पिवळट दिसतात. हॉलची ट्यूबलाइट जुनी झाली होती. बदलली.

२१ जानेवारी
नव्या ट्यूबमध्येही पिवळे. दुकानदाराने चुकीच्या रंगाची दिली. परत करायला हवी.

२२ जानेवारी
यशोदा सकाळीच बोदवडला गेली, बहिणीकडे. म्हणाली, मंजुळेला करमत नाही, आठेक दिवस राहून येते. मी स्टेशनवर सोडायला निघालो तर म्हणे रिक्षा सांगितली आहे, तुम्ही तुमचं वाचत बसा. मी मयुरीचं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक काढलं आहे. पहिला धडा अर्धा झाला. पाया पक्का असला की पुढे अडत नाही.

३१ जानेवारी
यशोदा परतली. डोळे स्वच्छ. बोदवडची हवा. मी म्हणतच होतो, काही नव्हतं. वजनही उतरलं आहे. कितीतरी वर्षं डॉक्टर तिला वजन कमी करा म्हणायचे, शेवटी मनावर घेतलं.

मी मात्र या काळात रोज हॉटेलात शेवभाजी खाल्ली. नाइलाज होता.

१४ फेब्रुवारी
प्रयोग. शेजारचे रुपचंदभाऊ डाळ मिलमध्ये आहेत. मी अवकाश प्रकल्पाचा मानद सल्लागार आहे हे त्यांना सांगून ठेवलं आहेच. त्यांनी पिशवीभर मुगाची डाळ दिली, तुकडा माल, पण कणांना काय.

स्टीलचं ताट उलटं ठेवलं. मी वरून डाळ सोडायची, यशोदाने डोळे मिटून टण् टण् आवाज मोजायचा. म्हणजे यशोदा डिटेक्टर. हळू सोडली तेव्हा तिने बरोबर मोजली. मग मूठ मोकळी केली. ताटाचा एकच सरसर आवाज झाला. विचारलं, किती? ती म्हणाली, "पाऊस मोजता येते का हो?" आणि हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. हसताना पोटावर हात दाबून धरला होता.

पुन्हा सोडली. पुन्हा विचारलं, किती? बसल्या बसल्या झोप लागली होती तिला. प्रयोगात लक्ष नसतं बायकांचं. डाळ मीच गोळा केली. सोफ्याखालची राहू दिली.

१५ फेब्रुवारी
मयुरीला प्रयोग सांगितला. म्हणाली, अगदी हेच होतं नाना, कण एकमेकांवर पडतात आणि दोनाचा एक होतो. मग एकदम म्हणाली, आईला जास्त वेळ बसवू नका खाली. मी म्हणालो, तुझी आई ठणठणीत आहे. यशोदा समोरच होती. तिला डोळ्यांनी खूण केली, बघ कसं सांभाळलं.

२८ फेब्रुवारी
विज्ञान दिन. कॉलनीतल्या शाळेत भाषणं होती. मला बोलावलं नाही. त्यांना कळवायचं राहिलं असेल.

फिरणं १ मार्चपासून.

६ मार्च
यशोदा पुन्हा बोदवड. दर पंधरवड्याला जाते आता, जाऊन आली की दोन दिवस पडून असते. प्रवास बाधतो. मी म्हणालो, मंजुळेलाच इकडे बोलाव. म्हणाली, "कायले? तिच्या घरी बी माणसं आहेत."

मयुरीचा दुपारी फोन. मागून कोणीतरी "सिस्टर, सिस्टर" अशी हाक मारत होतं. लॅबमधली मुलं मुलींना बहीण मानतात हे ऐकून बरं वाटलं. अलीकडे असे संस्कार कुठे.

११ मार्च
मोठा दिवस. सूचना क्रमांक दोन. एका मोठ्या तोंडाने पाणी सोडलं तर शेत वाहून जातं, म्हणून आपण शंभर बारीक ड्रिपर लावतो. तसाच एक मोठा डिटेक्टर नको, बारीक बारीक पुष्कळ लावा. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कण येतील, प्रत्येकाला सावरायला वेळ मिळेल.

मयुरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, हो नाना, तसंच करतोय आम्ही.

सूचना मान्य.

पेढे आणले. रुपचंदभाऊंना दिले, दूधवाल्याला दिले. यशोदाने एक तोंडात ठेवला, मग हळूच पदरात काढला. मी पाहिलं. गोडही सोडलं आहे तिने. निग्रह असावा तर असा.

१२ मार्च
झोपताना यशोदाने विचारलं, मग आता मयुरीचं यंत्र सूर्याच्या वादळातही बरोबर मोजेल? म्हटलं, मोजेल. म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून? मी म्हणालो, मुख्यतः. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. अभिमान वाटला असणार.

२ एप्रिल
ऊन तापलं. फिरायची वेळ राहिली नाही आता, दिवाळीनंतर बघू. चहा सध्या पाच वेळा. विचार करायला लागतो.

यशोदाचे ब्लाउज सैल झाले. टेलरकडे टाक म्हटलं तर म्हणाली, राहू द्या, कोणाले दाखवायचे आहेत. मी स्वतः टाकून आलो. टेलर म्हणाला, माप पाठवा. माप घेताना टेप दुमडल्यासारखी वाटली. तीनदा घेतलं. टेप जुनी आहे.

१६ एप्रिल
आज एक शोध लागला. सविस्तर लिहितो.

यशोदा परवापासून बोदवडला. मला वाटलं, सरप्राइज द्यावं, स्वतः जाऊन घेऊन यावं. पॅसेंजरने गेलो. सोबत केळ्यांची फणी. दारात मंजुळा. मला बघून तिच्या हातातलं सूपच पडलं. मी म्हणालो, यशोदा कुठे आहे?

"दाजी," ती म्हणाली, "अक्का आमच्याकडे दिवाळीपासून आलीच नही."

आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी विचारलं, मग जाते कुठे? म्हणाली, "मले विचारू नका. मी काही नही सांगत. मयुरीले विचारा." तिच्या नवऱ्याने मला पाणी दिलं आणि तो गोठ्यात निघून गेला.

गाडीत बसल्यावर पहिली काही स्टेशनं डोकं चालेना. भुसावळला चहा घेतला आणि उलगडलं. बारा मे रोजी मला साठ वर्षं पूर्ण होतात. षष्ट्यब्दी. मायलेकी गुपचूप तयारी करत आहेत. फोनवरची कुजबुज, बाहेरगावच्या फेऱ्या, सगळं जुळलं. मयुरी अहमदाबादहून निम्म्या वाटेवर कुठेतरी येत असणार, खरेदी चालू असणार. मंजुळेला गुपित पोटात ठेवता येत नाही म्हणून बिचारी रडली.

मला काही कळलं आहे हे अजिबात दाखवायचं नाही, असं ठरवलं. घरी आल्यावर केळ्यांची फणी तशीच हातात होती.

१८ एप्रिल
यशोदा आली. विचारलं, बोदवडला सगळे बरे? म्हणाली, बरे आहेत. दोघेही हसलो. नाटक मला छान जमतं.

५ मे
मयुरी आली. रजा बरीच मोठी काढली आहे. मी विचारलं, आणि टेस्ट? म्हणाली, होईल ती. चेहरा उतरला आहे तिचा, कणांनी दमवलं पोरीला. मी भाषण लिहायला घेतलं. विषय, "ठिबक ते अंतराळ".

नवा सदरा शिवून आला.

१२ मे
षष्ट्यब्दी. मंडप नाही, पाहुणे नाहीत. मी दिवसभर दाराकडे बघत होतो, लपून बसले असतील म्हणून. दुपारी मंजुळा आणि तिचा नवरा आले, तेवढेच. मयुरीने पुरणपोळ्या केल्या. यशोदा पलंगावरून उठून आली, मला ओवाळलं. ताम्हण तिला पेलेना, मयुरीने खालून धरलं.

यशोदा म्हणाली, "भाषण करा ना. लिहिलं आहे ते माहीत आहे मले." केलं. पूर्ण केलं. अवकाशात कणांचा लोंढा येतो तेव्हा अनेकांनी मिळून थोडं थोडं झेललं पाहिजे, हे वाक्य चांगलं झालं. तिथे मयुरी उठून आत गेली. कार्यक्रम छोटा पण अर्थपूर्ण.

मोठा कार्यक्रम बहुधा नंतर आहे.

१९ मे, धुळे
पहाटेपासून यशोदाला उलट्या. मयुरी म्हणाली, धुळ्याला जाऊ. मी म्हणालो, जळगावात काय डॉक्टर मेले आहेत? ती गाडी बोलावून मोकळी झाली होती. पारोळ्याला चहा घेऊ म्हटलं, गाडी थांबलीच नाही.

दवाखान्याच्या दारातला वॉचमन यशोदाला बघून उठला. म्हणाला, मावशी, आज तारीख नव्हती ना? नर्सने तिला नावाने हाक मारली आणि थेट खाट दाखवली. मला वाटलं, यशोदा नावाची दुसरी कोणी असेल.

डॉक्टर तरुण आहेत. मला खुर्ची दिली. म्हणाले, काका, स्वादुपिंडाचा कॅन्सर जानेवारीत सापडला तेव्हाच यकृतापर्यंत गेलेला होता. पित्ताच्या वाटेत नळी टाकली म्हणून कावीळ उतरली. औषधांनी मधले महिने बरे गेले. आता औषध थांबवू, त्रास कमी करू, त्यांना घरी न्या. तुम्हाला तर सगळं माहीत आहेच.

मी म्हणालो, हो, माहीत आहे.

बाहेर बाकावर बसलो. हातात नवीन सदऱ्याची बाही होती, तिची गुंडी ओढून ओढून निघाली.

२० मे, धुळे
मयुरीने सांगितलं. मी फार विचारलं नाही, तिनेच सांगितलं.

तिच्या आईने तिला जानेवारीतच फोन केला होता. मी बजावलं त्याच दिवशी. यशोदाच्या पहिल्या बोदवड-फेरीपासून मयुरी धुळ्यात होती. तिथेच देवपूर भागात खोली घेतली, संस्थेचं लिहायचं काम तिथून केलं. टेस्ट तिच्या मैत्रिणीकडे, मेघाकडे दिली. टेस्ट मार्चमध्येच संपली. डिटेक्टर पास झाला.

मी म्हणालो, मग मला रोज अडचणी सांगत होतीस त्या?

म्हणाली, "जुन्या होत्या, नाना. सुटलेल्या. तुम्ही विचारायचात, आणि त्या दिवशी तुमचा आवाज चांगला असायचा. आई म्हणायची, सांगत राहा."

बारीक बारीक डिटेक्टर लावायची सूचना? ती पद्धत फार जुनी आहे म्हणाली. माझ्या लग्नाच्याही आधीची असेल. तिने हे अगदी हळू सांगितलं.

म्हणजे मी जळगावात आणि माझी मुलगी दोन तासांवर. मी अहमदाबादला फोन लावत होतो. यशोदाच्या पोटात नळी बसली, आणि नळ्या तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला पत्ता नाही.

संध्याकाळी यशोदाला विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाली, "तुम्ही फार भेता."

मी म्हणालो, मी कधी भ्यालो?

म्हणाली, "मयुरीच्या वेळेस दवाखान्यात चक्कर येऊन पडले होते. लोक मले सोडून तुमच्याकडे धावले."

ऊन होतं त्या दिवशी. कडक ऊन होतं.

मग तिने माझा हात घेतला. "मले घरात रडणारं माणूस नको होतं. ताटावर डाळ टाकणारं पाहिजे होतं. मिळालं. आता तुम्ही बी उगाच मन लावून घेऊ नका."

२२ मे
घरी आणलं. आजपासून भ्यायचं नाही असा संकल्प. म्हणजे आधीही भीत नव्हतोच.

२४ मे
तिला पाणी पाजताना चमचा हलतो. आपल्याकडचे चमचे हलके आहेत. ट्रंकेतून जुने जड काढले. तेही हलतात. मयुरी पाजते आता.

मी पडदे बदलले. खोलीत ऊन फार येत होतं.

२७ मे
मंजुळा राहायला आली आहे. मायलेकी, बहिणी बोलतात, हसतातसुद्धा. मी आत गेलो की यशोदा डोळे उघडते आणि म्हणते, "काय म्हणते तुमचा सूर्य?" मी सांगतो. खरं काय, खोटं काय, आता सगळं मिसळलं आहे. मयुरी दुरुस्त करत नाही.

एकदा स्वयंपाकघरात मला जरा दम लागल्यासारखं झालं. मंजुळेने दार लोटून नळ पूर्ण सोडून ठेवला. भांडी घासायची असतील तिला.

५ जून
लिहायचं राहून गेलं होतं. परवाचं आहे.

सकाळचे दहा वाजले असतील. यशोदाला इंजेक्शनने बरं वाटत होतं. मयुरी पायाशी बसलेली, मंजुळा दाराशी गहू निवडत. यशोदा म्हणाली, "बोला काही." काय बोलू? म्हणाली, "ते यंत्राचं. मले ऐकायले बरं वाटते."

मी खुर्ची जवळ घेतली. पहिल्यापासून सुरुवात केली. सूर्य केवढा, किती लांब, कण कसे सुटतात. तिने डोळे मिटले. ती ऐकताना तशीच मिटते. मी वादळाचं सांगितलं. लोंढा कसा येतो ते सांगितलं. मग मला एक नवीन मुद्दा सुचला, अगदी तिथल्या तिथे, तो हातवारे करून सांगत होतो. चांगला रंगलो होतो. आवाजही कापत नव्हता. मला वाटलं, बघ, जमतंय.

मयुरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "नाना, थांबा."

मी म्हणालो, एक मिनिट, मुद्दा पूर्ण होऊ दे.

पूर्ण केला. मग यशोदाकडे पाहिलं. मंजुळेचं सूप जमिनीवर होतं, ती तिथेच बसून राहिली होती. त्यांच्या दोघींच्या आधीच लक्षात आलं होतं. मयुरी म्हणते, थोडा वेळ झाला होता. तिने मला लगेच थांबवलं नाही.

काल सगळं उरकल्यावर मयुरीला विचारलं, तो नवीन मुद्दा काय होता गं? ती आठवायला लागली. बराच वेळ आठवत बसली. तिलाही सांगता येईना.